प्रतिलेखन घटक, पेशी-विभेदन आणि पुण्यातील भ्रूणविज्ञानाची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोंबडीच्या फलित अंड्यातील बलकावर असलेली पांढुरकी चकती एकविसाव्या दिवशी चोच, पिसे, डोळे आणि धडधडणारे हृदय घेऊन कवच फोडते. या पिलाच्या सर्व पेशी एकाच फलित पेशीपासून आलेल्या असतात आणि त्यांतील जनुकसंचही, थोडे अपवाद वगळता, सारखाच असतो. असे असताना एक पेशी स्नायूची आणि तिच्या शेजारची त्वचेची का व्हावी, हा जीवशास्त्रातील जुन्या व अवघड प्रश्नांपैकी एक होय. पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तके आज या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतात : प्रतिलेखन घटक नावाची प्रथिने डीएनएवरील ठराविक जागी बसून कोणते जनुक चालू आणि कोणते बंद हे ठरवितात व त्यातून पेशीचे विभेदन होते. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे, आणि ते नेमके कोठे अपुरे आहे हे त्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके पुस्तकातील आकृत्यांत दिसत नाही.

प्रस्तुत लेखात हा इतिहास पुण्याच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या भ्रूणशास्त्रज्ञाने हा प्रश्न अत्यंत नेमकेपणाने विचारला, त्याच्या प्रयोगशाळेशी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचा १९५० च्या दशकात थेट संबंध आला होता. आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने पुण्यातीलच प्रयोगशाळांनी त्या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग पुरविला. या दोहोंमधील दुवा आपल्या वर्गात सहसा सांगितला जात नाही. कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या काचपट्ट्या एका प्रश्नपत्रिकेत आणि जनुकनियमन दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, अशी ही वाटणी आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी, यवत, केडगाव या दौंड तालुक्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला उबवणीचे अंडे घरच्या खुराड्यातून ठाऊक असते. 'ऑपेरॉन' हा शब्द मात्र त्याच्या दृष्टीने पाठांतराचा विषय असतो. वस्तुतः हे दोन्ही धडे एकाच प्रश्नाचे आहेत.

संघटक आणि प्रतिसादक्षमता

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइसमन यांनी अशी कल्पना मांडली होती की, पेशी-विभाजनाच्या वेळी आनुवंशिक द्रव्याची वाटणी होते आणि ज्या पेशीच्या वाट्याला जे येते त्यानुसार ती पेशी घडते. हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री साळिंदराच्या, म्हणजे सी-अर्चिनच्या, दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाच्या पेशी सुट्या केल्या. प्रत्येकीपासून आकाराने लहान पण पूर्ण डिंभ तयार झाला. वाटणीच्या सिद्धान्तास हा पहिला मोठा तडा होता. पेशीजवळ सर्व काही असते, मग तिला विशिष्ट मार्गाने कोण नेते?

१९२४ मध्ये जर्मनीतील हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी पाणसरड्याच्या भ्रूणाचा एक लहानसा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूस बसविला. तेथे दुसरा भ्रूण, म्हणजे पाठीचा कणा व मज्जारज्जू असलेला दुसरा अक्ष, उभा राहिला. या अक्षाचा पुष्कळसा भाग यजमान भ्रूणाच्या पेशींनी बनलेला होता, हे विशेष. त्या तुकड्याला त्यांनी 'संघटक' म्हटले. हिल्डे मांगोल्ड यांचे त्याच वर्षी एका दुर्घटनेत निधन झाले. श्पेमान यांना १९३५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

संघटकातील तो चमत्कारी पदार्थ कोणता, याचा शोध पुढील दशकात जोमाने सुरू झाला आणि तो कोंडीत सापडला. मारलेला संघटकही काम करतो असे १९३२ मध्ये दिसून आले. त्यानंतर तर अनेक असंबद्ध ऊती आणि रसायने तेच काम करू लागली. १९३६ मध्ये सी. एच. वॉडिंग्टन, जोसेफ नीडहॅम आणि जाँ ब्राशे यांनी मेथिलीन ब्ल्यू या साध्या रंगद्रव्यानेही मज्जाऊतीचे प्रवर्तन होऊ शकते असे दाखविले. जो पदार्थ भ्रूणात कधीच नसतो तो जर मज्जारज्जू घडवून आणू शकत असेल, तर घडणीची माहिती त्या पदार्थात नाही, हे उघड झाले. बहुतेकांनी यातून निराशेचा अर्थ काढला. वॉडिंग्टन यांनी मात्र लक्ष दुसऱ्या बाजूस वळविले. संकेत देणाऱ्या ऊतीइतकीच संकेत घेणारी ऊती महत्त्वाची आहे. ठराविक काळापुरती तिच्यात प्रतिसाद देण्याची जी तयारी असते तिला त्यांनी स्वतंत्र नाव दिले. त्या संज्ञेसाठी येथे 'प्रतिसादक्षमता' हा शब्द वापरला आहे.

वॉडिंग्टन यांचे १९४० चे 'ऑर्गनायझर्स अँड जीन्स' हे पुस्तक शीर्षकापासूनच दोन दुरावलेल्या शाखांना एकत्र आणू पाहणारे होते. हा दुरावा किती होता याची कल्पना थॉमस हंट मॉर्गन यांच्या १९३४ मधील ग्रंथावरून येते. त्याच्या शीर्षकात भ्रूणविज्ञान आणि आनुवंशिकी ही दोन्ही नावे आहेत, परंतु ग्रंथात ती दोन शेजाऱ्यांप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. वॉडिंग्टन यांनी 'एपिजेनेटिक्स' ही संज्ञा १९४२ मध्ये योजिली आणि १९५७ मध्ये 'द स्ट्रॅटेजी ऑफ द जीन्स' या पुस्तकात ते प्रसिद्ध चित्र दिले : उतारावरून घरंगळणारा गोळा आणि खाली जाताना फुटत जाणाऱ्या दऱ्या. गोळा म्हणजे पेशी. त्याच चित्राच्या जोडीला दुसरे एक चित्र आहे. त्यात ही भूमी खालून असंख्य दोऱ्यांनी ताणून धरलेली दिसते, आणि त्या दोऱ्यांची टोके जनुकांच्या खुंट्यांना बांधलेली असतात. पाठ्यपुस्तकांनी पहिले चित्र उचलले, दुसरे बहुधा वगळले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरेच अधिक मोलाचे आहे.

एडिंबरो ते गणेशखिंड

वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी श्पेमान यांचा प्रयोग पक्ष्यांच्या भ्रूणावर नेला होता. कोंबडीच्या भ्रूणचकतीवर पहिल्या दिवसाच्या उबवणीत उमटणारी आदिरेषा, ज्या रचनेला आपण प्रात्यक्षिकात प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतो, ती पाणसरड्यातील संघटकासारखे काम करते असे त्यांनी दाखविले. पुढे एडिंबरो येथील इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅनिमल जेनेटिक्स ही त्यांची कर्मभूमी झाली. याच संस्थेत १९५० च्या दशकात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी काम केले. वॉडिंग्टन आणि मुल्हेरकर यांच्या नावाने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा विषय होता कोंबडीच्या भ्रूणातील प्रवर्तनाच्या वेळी होणारे पदार्थांचे प्रसरण, म्हणजे संकेत देणाऱ्या ऊतीतून काही द्रव्य खरोखरच दुसऱ्या ऊतीत जाते काय, हा. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, भ्रूणविज्ञानाच्या एका अग्रगण्य ब्रिटिश नियतकालिकात मुल्हेरकर यांचा एकटीच्या नावाचा निबंध आला. आदिरेषेच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशांकडून होणारे प्रवर्तन हा त्याचा विषय. केवळ रेषेलाच संघटक समजण्याची जी सवय होती, तिच्याबाहेर जाऊन आजूबाजूच्या ऊतीकडे पाहणारा हा प्रश्न होता. त्या काळात भारतातील महिला शास्त्रज्ञांची संख्या पाहता ही घटना दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. म्हणजे मुल्हेरकर ज्या प्राणिशास्त्र विभागाशी निगडित होत्या तो त्यावेळी अगदी तरुण होता. अशा विभागात प्रायोगिक भ्रूणविज्ञान रुजण्यास कोंबडीच्या अंड्याने मोठे साहाय्य केले असे म्हणण्यास हरकत नाही. परदेशी पाणसरडे किंवा आफ्रिकी बेडूक मागविण्याची गरज नव्हती; फलित अंडी, उबवणी-पेटी आणि हाताचे कसब पुरेसे होते. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत या कामी उपयोगी पडली. बलकावरील पातळ पटल भ्रूणासह अलगद कापून घ्यावयाचे, काचेच्या कड्यावर ताणून बसवावयाचे, घड्याळकाचेत ठेवून त्याखाली अंड्याचा पांढरा भाग घालावयाचा आणि सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात भ्रूण वाढू द्यावयाचा. एक-दोन दिवसांत हृदयाचे स्पंदन उघड्या डोळ्यांनी पाहता येते. अंड्याबाहेर वाढणाऱ्या भ्रूणावर निरनिराळ्या द्रव्यांचा परिणाम तपासणे ही पुण्यातील या परंपरेची ओळख ठरली. आगरकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील काम पुढे चालविले. त्याला त्यांनी हायड्राच्या अभ्यासाची जोड दिली. त्याचा उल्लेख पुढे येईल.

या परंपरेची मर्यादाही सांगितली पाहिजे. द्रव्य घातले की भ्रूणाचा कोणता भाग बिघडतो हे दिसत होते; आत कोणते जनुक चालू झाले आणि कोणते बंद पडले हे दिसत नव्हते. ही मर्यादा पुण्याची नव्हे, त्या काळातील भ्रूणविज्ञानाची होती. तिच्यावर उपाय निघाला तो एका अगदीच वेगळ्या जीवात.

जनुकाची कळ

फ्रान्स्वा जेकब आणि झाक मोनो यांनी १९६१ मध्ये इ. कोलाय या जिवाणूतील लॅक्टोज-पचनाच्या जनुकांचे नियमन उलगडले. एक नियामक प्रथिन जनुकाच्या दारात बसून प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनए तयार होण्याची क्रिया, अडवून धरते. शर्करा आली की ते दूर होते. असे नियामक प्रथिन १९६६-६७ मध्ये प्रत्यक्ष वेगळे करण्यात आले. जनुक चालू-बंद करता येते आणि ते करणारी वस्तू स्वतः एका जनुकाची निर्मिती असते, ही कल्पना क्रांतिकारक होती. याच सुमारास, १९६२ मध्ये, जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून त्यापासून बेडूक वाढविल्याचे प्रसिद्ध केले. विभेदित पेशीतही संपूर्ण जनुकसंच शाबूत असतो, ही गोष्ट त्यामुळे पक्की झाली.

प्राण्यांच्या पेशीतील विशिष्ट जनुकाला ओळखणारा पहिला प्रतिलेखन घटक, टीएफ-थ्री-ए, १९८० मध्ये रॉबर्ट रोडर यांच्या प्रयोगशाळेत हाती आला. त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली व ती सर्वपरिचित आहे. १९८४ मध्ये फळमाशीच्या शरीर-खंडांची ओळख ठरविणाऱ्या जनुकांत होमिओबॉक्स हा समान भाग सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत आढळतो हेही लवकरच कळले. आजच्या गणनेनुसार मानवाच्या सुमारे २०,००० प्रथिन-जनुकांपैकी १,६०० च्या आसपास जनुके प्रतिलेखन घटकांची आहेत.

येथे मराठी संज्ञेविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. गणितात आपण 'घटक' हा शब्द अनेकांतील एक या अर्थाने वापरतो. इंग्रजी लोकप्रिय लेखनात काही प्रतिलेखन घटकांना 'मास्टर' म्हणण्याची पद्धत पडली आणि आपल्या टिपणांतही 'मास्टर जीन' शिरले. मराठी संज्ञा निवडताना कोणी हा विचार केला असेल वा नसेल. पण 'घटक' हा शब्द 'मास्टर'पेक्षा वस्तुस्थितीला अधिक धरून आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्नायूचा प्रयोग आणि पेशीचा पूर्वेतिहास

'मास्टर' या कल्पनेचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणून १९८७ चा मायो-डी या घटकाचा शोध सांगितला जातो. हॅरॉल्ड वाइन्ट्रॉब, रॉबर्ट डेव्हिस आणि अँड्र्यू लॅसर यांनी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे हे एकच जनुक उंदराच्या तंतुजनक पेशींत घातले आणि त्या पेशी स्नायुपेशी झाल्या. एका जनुकाने पेशीचे प्राक्तन बदलते, असे यावरून सांगितले गेले. या प्रयोगाची पार्श्वभूमी मात्र क्वचितच सांगितली जाते. १९७९ मध्ये शर्ली टेलर आणि पीटर जोन्स यांनी त्याच जातीच्या तंतुजनक पेशींना ५-अझासायटिडिन हे रसायन दिले असता त्यांतून स्नायुपेशी निघाल्या होत्या. हे रसायन डीएनएवरील मेथिल-खुणा कमी करते. म्हणजे बाहेरून एकही जनुक न घालता, केवळ जुन्या खुणा पुसल्यानेही पेशी त्या दरीत घरंगळली होती. मेथिलीन ब्ल्यूची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे.

त्याहून बोलका प्रयोग १९९० चा आहे. हेलन ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायो-डीच्या कुळातील घटक निरनिराळ्या पेशींत घातले. यकृतापासून आलेल्या पेशींत घटक तयार झाला, पण स्नायूची जनुके चालू झाली नाहीत. त्याच पेशींचा तंतुजनक पेशींशी संयोग घडविल्यावर मात्र ती चालू झाली. या निबंधाच्या शीर्षकातच पेशीच्या इतिहासाचा निर्देश आहे. घटक तोच, डीएनए तेच, परंतु पेशीचा पूर्वेतिहास वेगळा म्हणून उत्तर वेगळे. वॉडिंग्टन ज्याला प्रतिसादक्षमता म्हणत होते तीच गोष्ट आता पेशीच्या केंद्रकात शिरली होती.

असे का घडते याचे आकडेमोडीचे एक साधे कारण आहे व ते वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. मायो-डी ज्या अक्षरक्रमावर बसतो तो सहा अक्षरांचा असून त्यातील मधली दोन अक्षरे कोणतीही चालतात; म्हणजे ठरलेली अक्षरे चारच. चार अक्षरांच्या वर्णमालेत असा क्रम केवळ योगायोगाने दर २५६ अक्षरांमागे एकदा येईल. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात अशा जागा एक कोटीहून अधिक होतात. स्नायुपेशीत मायो-डी प्रत्यक्ष बसलेला आढळतो तो काही दशसहस्र ठिकाणी. उरलेल्या बहुसंख्य जागा क्रोमॅटिनच्या घड्यांत मिटलेल्या असतात किंवा तेथे जोडीदार घटक नसतात. कोणत्या घड्या उघड्या राहाव्यात हे पेशी आजवर कोणत्या मार्गाने आली यावर अवलंबून असते. काही घटक मिटलेली घडीही उघडू शकतात. केनेथ झॅरेट यांच्या गटाने २००२ मध्ये यकृताच्या विकासातील अशा घटकांचे कार्य दाखविले. परंतु तेही सर्वत्र उघडत नाहीत. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार घटकांच्या साहाय्याने उंदराच्या विभेदित पेशींना पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत नेले व त्यासाठी २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन यांच्याबरोबर मिळविले. त्या प्रयोगात घटक मिळालेल्या शंभर पेशींपैकी एकही पेशी सरासरीने पूर्ण मागे गेली नव्हती. गोळा चढावर ढकलता येतो, पण भूमी त्याला सहजासहजी सोडत नाही.

पुन्हा पुणे : एका प्रथिनाची दोन कामे

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्राणी-पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याचा आरंभ झाला. येथे डॉ. संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ या प्रथिनावर जे काम केले ते भारतातील प्रतिलेखन-संशोधनात महत्त्वाचे मानले जाते. हे प्रथिन अमेरिकेत तेरुमी कोहवी-शिगेमात्सु यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधले होते. गलांडे यांनी पुण्यास येण्यापूर्वी त्याच प्रयोगशाळेत काम केले होते. सॅटबी-१ हे प्रामुख्याने छातीतील थायमस ग्रंथीत वाढणाऱ्या टी-पेशींत विपुल असते. ते नसलेल्या उंदरांत टी-पेशींचा विकास मध्येच अडतो, असे २००० मध्ये सिद्ध झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, ते डीएनएच्या दूरदूरच्या भागांना एकत्र आणून क्रोमॅटिनचे फास तयार करते. म्हणजे वॉडिंग्टन यांच्या दुसऱ्या चित्रातील दोऱ्या ओढणारे हे प्रथिन आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

२००६ मध्ये या गटाने दाखविले की, सॅटबी-१ वर एका ठिकाणी फॉस्फेट बसले असता ते हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल-खुणा काढणाऱ्या विकराशी संगत करते आणि जनुक दाबले जाते. फॉस्फेट निघाले की तेच प्रथिन खुणा लावणाऱ्या विकराकडे जाते आणि जनुक चालू होते. टी-पेशीला बाहेरून चेतना मिळाली की हा बदल घडतो. एकच प्रथिन, एकच जागा, पण परिणाम उलट. सॅटबी-१ ला 'चालू करणारा' म्हणावे की 'बंद करणारा', हा प्रश्नच येथे निरर्थक ठरतो.

पुढचे पाऊल विभेदनाशी थेट संबंधित होते. साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रमुख प्रकार टिमथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदरांत ओळखले होते. स्थूलमानाने पाहता पहिला प्रकार पेशीच्या आत शिरणाऱ्या जंतूंविरुद्ध, तर दुसरा कृमींविरुद्ध उपयोगी पडतो. अ‍ॅलर्जीतही दुसऱ्याचा हात असतो. दुसऱ्या प्रकाराच्या विभेदनास गाटा-३ हा घटक आवश्यक असल्याचे १९९७ मध्ये, आणि पहिल्याच्या विभेदनात टी-बेट हा घटक निर्णायक असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले. गलांडे यांच्या गटाचा २०१० मधील निबंध सांगतो की, विंट नावाचा संकेत मिळाला की बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात येते, सॅटबी-१ त्याला आपल्या जागांवर बोलावून घेते आणि त्यातून गाटा-३ सह दुसऱ्या प्रकारच्या पेशीची जनुके चालू होतात. बाहेरचा संकेत, आतील घटक आणि क्रोमॅटिनची आधीच तयार असलेली मांडणी, असे तीन धागे येथे एका गाठीत येतात. या कामाच्या पार्श्वभूमीवर गलांडे यांना २०१० चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. आरंभी ज्या अपवादांचा उल्लेख केला त्यांतही टी-पेशी मोडतात, हेही येथे नोंदवावेसे वाटते. प्रतिजन ओळखणारी आपली जनुके त्या खरोखरच कापून जोडतात. वाइसमन अगदीच निराधार नव्हते.

माशीचा दुसरा पंख

भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, पुण्यात २००६ मध्ये सुरू झाली. डॉ. एल. एस. शशिधरा यांनी हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात सुरू केलेले अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकावरील काम पुण्यात पुढे नेले. फळमाशीच्या वक्षाच्या दुसऱ्या खंडावर पंख असतो आणि तिसऱ्या खंडावर हॉल्टिअर नावाची तोल सांभाळणारी लहानशी गोळीवजा रचना असते. तिसऱ्या खंडात अल्ट्राबायथोरॅक्सचे कार्य बंद पडले तर हॉल्टिअरच्या जागी पंख येतो. एडवर्ड लुइस यांची चार पंखांची माशी प्रत्येक पुस्तकात आहे; त्यांचा यासंबंधीचा मूलभूत निबंध १९७८ चा आणि नोबेल पारितोषिक १९९५ चे. वॉडिंग्टन यांनीही १९५६ मध्ये याच लक्षणावर प्रयोग केले होते. माशीच्या अंड्यांना ईथरची वाफ दिली असता काहींत तिसरा खंड दुसऱ्यासारखा होतो, आणि अशा माशांची पिढ्यान् पिढ्या निवड केल्यास ते लक्षण ईथरविनाही येऊ लागते, असे त्यांना आढळले. ज्या काळात एडिंबरोत ही माशी वाढत होती त्याच दशकात तेथे मुल्हेरकर कोंबडीच्या आदिरेषेवर काम करीत होत्या.

या जनुकाचे पुस्तकी वर्णन 'हॉल्टिअर बनविणारे जनुक' असे केले जाते. परंतु फुलपाखराच्या आणि मधमाशीच्या मागच्या पंखातही अल्ट्राबायथोरॅक्स प्रथिन असते आणि तेथे हॉल्टिअर नव्हे, चांगला मोठा पंखच तयार होतो. शशिधरा यांच्या गटाने २०११ मध्ये फळमाशीच्या संपूर्ण जनुकसंचात हे प्रथिन कोठे बसते याचा नकाशा काढला आणि २०१६ मध्ये फळमाशी, मधमाशी व रेशीमकीटक यांच्यातील लक्ष्य-जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. ज्या जनुकांवर हे प्रथिन बसते त्यांपैकी अनेक तिन्ही कीटकांत समान निघाली. याचा अर्थ असा की, फरक प्रथिनाच्या हजेरीत तर नाहीच, पण लक्ष्यांच्या यादीतही तो संपूर्णपणे सापडत नाही. त्या जनुकांच्या नियमन-भागांत, शेजारी बसणाऱ्या इतर घटकांत आणि कोट्यवधी वर्षांत झालेल्या त्यांच्या बदलांत तो शोधावा लागतो. पेशीचा इतिहास महत्त्वाचा, तसा जातीचाही.

हायड्रा आणि डेडस्टॉक

संघटकाचा प्रयोग श्पेमान यांच्या आधी पंधरा वर्षे, १९०९ मध्ये, एथेल ब्राऊन या तरुण अमेरिकन संशोधिकेने हायड्रावर केला होता. एका हायड्राच्या मुखाजवळचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर बसविला की तेथे यजमानाच्या ऊतीतून नवा अक्ष फुटतो. श्रेय मात्र तिला फार उशिरा मिळाले. घासकडबी आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील हायड्राच्या जातीचे जातिवृत्तीय वर्णन २०११ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दिले आणि तिच्या नावात पुण्याचा निर्देश केला. हीच परंपरा आणि गलांडे यांची प्रयोगशाळा यांची गाठ पुढे आयसरमध्ये पडली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या कामात बीटा-कॅटेनिनचा नाश थांबविणारे औषध हायड्राला देऊन त्याच्या संपूर्ण शरीराला मुखाकडील संघटकाचे गुण येऊ दिले आणि त्यावेळी कोणत्या जनुकांचे प्रतिलेखन बदलते याची नोंद केली. १९५७ मध्ये एडिंबरोत विचारलेला प्रश्न, म्हणजे प्रवर्तनाच्या वेळी ऊतीत नेमके काय घडते, हा पुण्यात ६२ वर्षांनी जनुकांच्या यादीच्या रूपाने पुन्हा टेबलावर आला. विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, पेशी विज्ञान केंद्र, आगरकर संस्था आणि आयसर ही ठिकाणे परस्परांपासून काही किलोमीटरच्या आत आहेत; त्यांच्या कामातील धागा मात्र संशोधन-निबंधांच्या संदर्भसूचीत शोधावा लागतो.

भारतातील विकास-जीवशास्त्रावर एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने २०२० मध्ये विशेषांक काढला, ही समाधानाची बाब होय. तथापि अशा इतिहासाची साधने केवळ छापील निबंधांत नसतात. भ्रूणांच्या जुन्या काचपट्ट्या, हाताने काढलेल्या आकृत्यांच्या प्रात्यक्षिक-वह्या, घड्याळकाचा, काचेची कडी, उबवणी-पेट्या या वस्तू महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत कपाटांच्या तळाशी पडून असतात. नवे उपकरण आले किंवा विभागाचे स्थलांतर झाले की डेडस्टॉक नोंदवहीत लाल शाईने निर्लेखनाचा शेरा पडतो आणि त्या भंगारात जातात. ७२ तासांच्या भ्रूणाची पट्टी कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या अंड्यापासून केली हे तिच्या कडेला चिकटविलेल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. विभागांनी निर्लेखनापूर्वी अशा पट्ट्यांची छायाचित्रे घेऊन आणि कागदावरील मजकूर उतरवून घेऊन एक साधी यादी केली, तर त्यासाठी एका शैक्षणिक वर्षातील दोन-तीन शनिवार पुरतील. त्याच वर्गात त्याच पट्टीच्या आधारे, आदिरेषेच्या कडेच्या पेशी अजून कोणता मार्ग घेऊ शकतात आणि त्यांच्या केंद्रकात कोणते घटक आहेत, हे दोन्ही प्रश्न एकाच तासाला विचारता येतील.